टिकलीभोवतीचं कडं

रोग्यांच्या रक्तात शिरलेलं यीस्ट, म्हणजे एक बुरशीच, तळहाताएवढ्या काचेच्या ताटलीत वाढवायचं आणि त्यावर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या, हे बुरशीकाकांचं प्रयोगशाळेतलं काम. औषध लागू पडलं, तर टिकलीभोवती यीस्ट वाढत नसे आणि स्वच्छ कडं उमटे. जेवताना काकू हटकून विचारायच्या, "आज केवढं कडं?" काका म्हणायचे, "नाण्याएवढं. वाचेल बिचारा." कडं नसलं तर तसंही सांगायचे. कड्याच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

आता ताटलीत काकूंच्याच रक्तातलं यीस्ट होतं. आणि ते मेलं कोडगं निघालं! प्रत्येक टिकलीला खेटून वाढलेलं, जणू औषध नव्हे, खाऊच ठेवलाय. काकांनी टिकल्या बदलल्या, ताटल्या बदलल्या, ज्या देवाला जन्मात हात जोडले नव्हते त्यालाही जोडले. कड्याचा मागमूस नाही. डॉक्टरांनीही हात टेकले.

काका दवाखान्यात काकूंच्या खाटेपाशी जाऊन बसले. तापानं काकूंचे ओठ फुटले होते. तरी सवयीनं त्यांनी विचारलंच, "माझं कडं केवढं आलं हो?"

काका त्यांचं पांघरूण नीट करत म्हणाले,

"मोठं आलंय. चांगलं बशीएवढं!"

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

"अहो, तुमची अख्खी ताटली तरी बशीएवढी असते का? जन्मात एक थाप मारलीत, तीही धड जमली नाही."