इंटरव्हलच्या पुढचं

माझ्या भावोजींना अख्खा चौक ‘इंटरव्हल’ म्हणायचा, आणि हे नाव त्यांना पडलं ते माझ्या तोंडाळपणामुळे. मी त्यांची एकुलती एक मेव्हणी. त्यांची फिरकी घ्यायचा हक्क मला त्यांच्या लग्नातच मिळाला होता आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही.

चौकाच्या एका कोपऱ्यावर भावोजींचं सलून, आणि समोर थिएटर. थिएटरच्या तिकीट खिडकीत मी बसायचे. नवा पिक्चर लागला की पहिल्या खेळाचा पास मी भावोजींना द्यायचे. दुसऱ्या दिवसापासून जो कोणी खुर्चीत बसेल त्याला ते तो पिक्चर सांगत सुटायचे, आणि सांगायचे असे की माणसाला पडद्याची गरजच उरू नये. एक दिवस आमचे मॅनेजर खिडकीशी येऊन म्हणाले, “तुमच्या भावोजींनी माझी मान कापायचं ठरवलंय का?”

माझं डोकं फिरलं. मी तशीच रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेले. एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलं होतं, त्याचीही भीड ठेवली नाही.

“भावोजी, मी पास देते आणि तुम्ही माझ्याच पोटावर पाय देता? यापुढे सांगायचं ते इंटरव्हलपर्यंत. पुढचं ज्याला हवं त्याने समोर येऊन तिकीट काढावं.”

“आणि जो बघून आला, त्याला त्यावर बोलायचं असलं तर?”

“तर फाटलेलं तिकीट दाखवू दे त्याला. मग घाला काय घालायचा तो घोळ.”

मी हे रागाच्या भरात बोलले होते. भावोजींनी ते दगडावर कोरल्यासारखं धरलं. त्या दिवसापासून अर्धं तिकीट हातात पडल्याशिवाय त्यांनी कुणालाही कुठल्याही पिक्चरचा दुसरा भाग सांगितला नाही. माझ्या ताईलासुद्धा नाही, कारण ताई कायम पासवर जायची, तीही इंटरव्हलला स्वयंपाकासाठी घरी परतायची, आणि आमच्याकडे पास फाडत नसत. ती चिडायची, जेवताना विचारून विचारून थकायची. भावोजी पानातलं संपवून गप्प उठायचे. मला तर पुढचं कधी कळलंच नाही. इंटरव्हलनंतर थिएटरात सगळे पिक्चर बघत बसायचे तेव्हा मी खिडकीत बसून हिशेब जुळवायचे.

त्यांची सांगायची एक पद्धत होती. मशीन, कात्री, वस्तरा. मानेवर मशीन फिरत असताना कोण कुठला, कुणाचं कुणाशी वाकडं, ते सांगून व्हायचं. कात्री चालू झाली की भानगडी वाढत जायच्या. आणि इंटरव्हलचा प्रसंग ते नेमका मानेवर वस्तरा टेकवून सांगायचे, कारण त्या वेळी ऐकणाऱ्याला हलता येत नाही. “हलू नका,” म्हणायचे, आणि मग पिक्चरमधला खलनायक दारात उभा राहायचा. मग पावडरचा फटका, अंगावरचा कपडा झटकायचा, आणि “पुढचं समोर.”

फाटलेलं तिकीट दाखवणाऱ्यांशी मात्र ते पिक्चरची हाडं मोजल्यासारखं बोलायचे. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या भागात जे जे दाखवलं ते दुसऱ्या भागात उचललं गेलंच पाहिजे. “केस पाडले तर झाडायलाही हवेत. एक जरी कॉलरमध्ये राहिला तरी गिऱ्हाईक दिवसभर मान खाजवत बसतं.” मोठमोठे गाजलेले पिक्चर त्यांनी या एका वाक्यावर नापास केले.

त्यांचा सगळ्यात लाडका पिक्चर अंतराळातला होता. आमच्या थिएटरला तो आला, गेला, पुन्हा आला, आणि प्रत्येक वेळी भावोजी त्याला गेले. सात ग्रहांचं एक राज्य असतं. सेनापती राजाला मारतो आणि स्वतः गादीवर बसतो. राजाची छोटी नात एका मालवाहू यानात बर्फाच्या पेटीमागे लपते. यानाची कप्तान एक खवट म्हातारी. भावोजी तिचा आवाज माझ्यासारखा काढायचे, ते मला नंतर कळलं. यानातला आचारी त्या मुलीच्या गळ्यात एक शिट्टी बांधतो आणि म्हणतो, अगदीच जिवावर बेतलं तर वाजव. म्हातारीच्या नकाशात एक ग्रह खोडलेला असतो. सेनापतीच्या डाव्या हातात कायम हातमोजा. शेवटी त्याचं सगळं आरमार यानाला घेरतं, म्हातारी इंजिन बंद करते, समोरच्या पडद्यावर सेनापती दिसतो, हात वर करतो आणि हळूहळू हातमोजा काढायला लागतो. इंटरव्हल.

पुढे थिएटर बंद पडलं. त्या जागी फर्निचरचं दुकान आलं, मी घरी बसले. सलून मात्र चालू राहिलं, आणि भावोजी जुनेच पिक्चर नव्या गिऱ्हाइकांना अर्धे अर्धे सांगत राहिले.

मग एके सकाळी ते सलूनचं शटर वर करताना मागे पडले. डोक्याला मार लागला, आत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. जीव वाचला. आठवड्याभराने बोलायलाही लागले, पण शब्द भलतेच यायचे. चमच्याला कंगवा, खिडकीला आरसा, आणि मला एकदा “मॅनेजर.” मी म्हटलं, बढती दिलीत, आभारी आहे. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा विनोद गिळला.

डॉक्टर चांगले होते, पण गोल गोल बोलणारे नव्हते. ते म्हणाले, “हात ठीक आहेत. शब्दही येतील. प्रश्न वेगळा आहे. हातातलं काम करता करता मधेच धागा सुटत असेल, तर यांना दुसऱ्याच्या मानेवर वस्तरा धरता येणार नाही. कधीच नाही.” ताईने मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यात बसली. सलूनशिवाय हा माणूस म्हणजे काय, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

घरी आणल्यावर त्यांना बोलायला शिकवायला एक थेरपिस्ट बाई यायच्या. तरुण, शांत आणि चिकट. त्यांनी चित्रं दाखवून पाहिली, चहा कसा करतात ते विचारून पाहिलं. भावोजी कंटाळून भिंतीकडे बघायचे. शेवटी बाई म्हणाल्या, “तुमच्या आवडीचं काही सांगा. मोठं काहीतरी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

आणि भावोजींनी अंतराळातला पिक्चर काढला. यानाला बस म्हणाले, बर्फाला साबण म्हणाले, पण क्रम अगदी बरोबर. मुलगी, पेटी, शिट्टी, नकाशा, हातमोजा. म्हातारीने इंजिन बंद केलं. सेनापतीने हात वर केला. आणि भावोजी थांबले.

“पुढे?” बाईंनी विचारलं.

भावोजींनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. शब्द सुधारत गेले, बसचं यान झालं, पण गाडी त्याच जागी येऊन अडायची. बाईंनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं की अर्ध्यावर धागा तुटतोय असं दिसतं. ताई म्हणाली, अहो, त्यांची सवयच आहे ती. बाई म्हणाल्या, “असेल. पण सवय म्हणून थांबतात की पुढचं पुसलं गेलंय म्हणून, हे कसं ओळखायचं? त्यांनी हा दुसरा भाग तुम्हाला कधी सांगितला होता?”

नव्हता. तिथेच तर सगळं अडलं होतं.

ताईने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. “तूच घातलीस ना ती अट,” ती म्हणाली, “तूच ये आणि काढ.” मला एकदम राग आला, तिचा नाही, माझ्या जिभेचा. मग फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. मी कपाटाच्या वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. थिएटर बंद झालं त्या दिवशी मॅनेजरांनी मला एक कोरं तिकीटबुक दिलं होतं, आठवण म्हणून. गुलाबी तिकिटं, मधे टोचलेली रेघ.

दुसऱ्या दिवशी मी भावोजींच्या पलंगासमोर स्टूल ओढून बसले. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला थेरपिस्ट बाई. त्यांनी पहिला भाग नेहमीसारखा सांगितला. सेनापतीचा हात वर गेला. थांबले.

मी एक तिकीट काढलं, रेघेवर फाडलं आणि अर्धं त्यांच्या हातात ठेवलं.

भावोजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. अंगठ्याने फाटलेली कड चाचपली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “इतक्या वर्षांनी?”

“लाइन मोठी होती,” मी म्हटलं.

आणि ते बोलायला लागले. हातमोज्याखाली जळका हात होता. तो सेनापती म्हणजे म्हातारीचाच जुना सोबती. आगीत सापडलेल्या ग्रहावर तिने त्याला मागे टाकलं होतं, आणि तोच ग्रह तिने नकाशातून खोडला होता. लाजेने. आता ती यान तिकडेच नेते. तिला माहीत असतं की तो तिच्यामागे तिथे नक्की येणार आणि तिथे उतरला की त्याचा पाय डळमळणार. भावोजी मधे शब्दासाठी अडत होते, बोटांनी हवेत कात्री चालवत होते, पण अडले तरी पुन्हा त्याच रस्त्यावर येत होते. बर्फाच्या पेट्या त्या आगीवर रिकाम्या झाल्या. सेनापती शरण आला. नात गादीवर बसली. “संपलं,” ते म्हणाले.

ताईने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. माझा जीव भांड्यात पडायच्याच बेतात होता, तेवढ्यात बाईंनी हळूच विचारलं, “आणि शिट्टी?”

हातमोजा उचलला गेला, नकाशा उचलला गेला, बर्फसुद्धा. शिट्टी राहिली होती. भावोजींचाच तो नियम, आणि त्याच नियमात ते सापडले होते.

भावोजींनी कपाळाला आठी घातली. “शिट्टी नाही वाजत.”

“कुणीच वाजवत नाही? आचाऱ्याने एवढी गळ्यात बांधून?”

“नाही वाजत.” आता आवाज चढला. “विसरले.”

“कोण विसरलं?” बाईंनी विचारलं. भावोजींना शब्द सापडेना. ते हात झटकत राहिले, मानेमागे बोट नेऊन कॉलर ओढत राहिले. मला ती कॉलर कळली, पण कळून काय उपयोग? आपल्याला हवं तेच माणसाला कळत असतं. बाईंचाही चेहरा उतरला होता. “मला बघायलाच हवं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. पिक्चर शोधला, इंटरव्हलपर्यंत पुढे ढकलला, आणि आम्ही चौघं पलंगावर दाटीवाटीने बसलो.

इतकी वर्षं थिएटरात नोकरी केली, पण पिक्चरचा दुसरा भाग मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि मला त्यातलं ना यान दिसत होतं ना आग. मी फक्त त्या पोरीच्या गळ्याकडे बघत होते. हातमोजा निघाला, हात जळका होता. ग्रह आला. बर्फ आला. दर वेळी मुलीच्या गळ्यातली ती शिट्टी चमकायची आणि ताई माझा हात आवळायची. एकदा पोरीने शिट्टी ओठांपर्यंत नेली. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली आणि तिने ती खाली सोडली. भावोजी शांतपणे बघत होते, अर्धं तिकीट मुठीत धरून.

मुलगी गादीवर बसली. अंगावर भरजरी कपडे, गळ्यात शिट्टी नाही. कुठे गेली, कुणी विचारलं नाही. पडद्यावर नावं सरकायला लागली. शेवटचं नावही गेलं. शिट्टी वाजली नाही.

“कॉलरमध्ये केस,” भावोजी म्हणाले, स्वच्छ आणि ठणठणीत. “पहिल्यापासून मान खाजतेय माझी. त्यांची चूक आहे. माझी नाही.”

आधी थेरपिस्ट बाई हसल्या. मग मी. ताई मात्र रडायला लागली, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम. भावोजी तिची पाठ थोपटत माझ्याकडे बघून विचारत होते की हिला आता काय झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच खिडकी उघडून आले. रडं आवरल्यावर ताईने माझ्यापुढे हात केला. “मलाही फाडून दे. एक नको, पुस्तकच दे. माझी बरीच थकबाकी आहे.”

डॉक्टरांनी अजून दोन-तीनदा तपासलं, कामात धागा सुटत नाही याची खात्री करून घेतली, आणि मग सलूनचं शटर वर गेलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून माझे यजमान बसले, म्हणजे मीच त्यांना बसवलं. साडूसाठी एवढं करायला हवं, असं ते म्हणत होते, पण खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते. मशीन फिरलं, कात्री चालली, राजा मेला, पोर बर्फामागे लपली. मग भावोजींनी वस्तऱ्याला नवं पातं लावलं आणि मान किंचित खाली दाबली.

“हलू नका,” ते म्हणाले. ताई आणि मी बाकावर बसलो होतो, आम्हीही हललो नाही. वस्तरा सावकाश, एकसारखा खाली आला. सेनापतीने हात वर केला. पावडरचा फटका बसला, कपडा झटकला गेला.

यजमान त्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर चहा घेत बसले होते. मी सारखी त्यांच्या कॉलरकडे बघत होते. त्यांनी एकदाही मान खाजवली नाही.