चौदा नंबरचा रिपोर्ट

“शर्ट काढायला सांग त्याला,” सर म्हणाले. माईक चालू होता. परिषदेच्या सगळ्या हॉलनं ऐकलं.

आबा स्टेजच्या मधोमध उभे. माझे वडील. आबिड्सच्या बाजारातून आणलेला नवा शर्ट इस्त्री करून घालून आले होते. मी त्यांच्या शेजारी, दुभाषी म्हणून. सरांचं, म्हणजे माझ्या गाइडचं, इंग्रजी त्यांना मराठीत सांगायचं, त्यांचं मराठी सरांना इंग्रजीत.

“आबा, शर्ट काढा,” मी म्हणाले.

मीच म्हणाले. हे आधीच लिहून टाकते, नंतर धीर होणार नाही.

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि बटणं काढली. इंजिनिअरिंगच्या एका प्राध्यापकानं त्यांच्या उघड्या अंगाला पट्टे बांधले. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी त्यांनी ते नवीन बनवले होते. “हा खांदा बघा, खाली आलाय,” म्हणत त्यांनी पॉइंटरचा लाल ठिपका आबांच्या खांद्यावर फिरवला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मोबाइल वर केला. आबा फोटोसाठी हसले.

“हा आपला चौदा नंबर,” सर म्हणाले.

तो नंबरही मीच दिला होता.

आम्ही काचीगुड्याचे, स्टेशनमागच्या वस्तीतले. जातीनं मांग. आजोबा नांदेडकडून इकडे तेलुगू मुलखात आले. आबा पंचवीस वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली मोऱ्या उपसत होते. माणसाला गटारात उतरवायला कायद्यानं बंदी आहे. मशीन यायची, गल्ली अरुंद दिसली की परत जायची. मग आबा उतरायचे.

मी नारायणगुड्याच्या शाळेत शिकले. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू, वहीत इंग्रजी. पीएचडीला लागलेली वस्तीतली मी पहिली. विद्यापीठात तेव्हा चार विभागांचा मिळून एक प्रकल्प सुरू झाला होता, गटारात उतरणाऱ्या माणसांवर. डॉक्टरांना त्यांची फुप्फुसं तपासायची होती. रसायनशास्त्रवाल्यांना नखं हवी होती आणि बाटलीत गटारातलं पाणी. इंजिनिअरांना अंगाची मापं. कायदेवाल्यांना ठेकेदाराचे कागद. पण वस्तीत जाऊन माणसं गोळा कोण करणार? सरांनी माझी फाइल चाळली. जातीच्या दाखल्यावर थांबले.

“तुला वासाचं काही वाटत नसेल ना? मग फील्ड तूच कर.”

बाकीचे स्कॉलर हसले. मीही हसले. नोकरी नाही, ओळख नाही, प्रबंधावर त्यांचीच सही लागणार. माणूस हसतो.

चौदा नंबर माझा बाप आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. फॉर्म भरला, नावाच्या जागी नंबर टाकला, आबांनी अंगठ्याऐवजी सही केली, मी शिकवलेली. एका मुलीनं त्यांची नखं कापून पाकिटात भरली. आबा म्हणाले, “नखाचं काय करतेत गं?”

“तपासतात.”

“मग सांगतेत ना आपल्याला?”

“सांगतात,” मी म्हणाले.

दिवाळीच्या आधी रिपोर्ट आले. चौदा नंबरची फुप्फुसं निम्मीसुद्धा उरली नव्हती. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, आत उतरणं ताबडतोब थांबवावं. असं आणखी काही जणांच्या रिपोर्टवर होतं. मी कागद घेऊन सरांकडे गेले.

“सर, हे त्या लोकांना सांगायला पाहिजे.”

“पेपर छापून येऊ दे. आत्ता सांगितलं तर काम सोडतील. मग पुढच्या वर्षी मापायचं कुणाला?”

मापायचं कुणाला. मी केबिनच्या बाहेर आले. भिंतीला टेकून उभी राहिले. परत आत जायला हवं होतं. गेले नाही.

सगळी थंडी आबा उतरत राहिले. घरी येऊन नळाखाली बसायचे, खोकायचे. “मोसम बदललाय,” म्हणायचे. मी खोकल्याचं औषध आणून दिलं. समोर बसून जेवले. मला माहीत होतं आणि मी जेवत होते.

परिषदेचं ठरलं तेव्हा सर म्हणाले, वस्तीतला एखादा बोलका माणूस आण. कुणी तयार होईना. आबाच म्हणाले, “मी येतो की. तुझं कॉलेज तरी बघतो.” मी म्हणाले, या, पण तिथं माझे वडील आहात असं सांगू नका.

“हौ. नाही सांगत.”

तर स्टेजवर आबा पट्टे बांधून उभे. मागच्या पडद्यावर त्यांचा रिपोर्ट आला. लाल रेघ वरून खाली घसरत गेलेली. डॉक्टर बोलत होते. हॉलमधून हळहळ उमटली. आबांनी मान वळवून पडदा बघितला.

“काय म्हनलालेत गं ते? चांगलं हाय का?”

मी सरांकडे बघितलं.

“ते सांगायची गरज नाही,” सर म्हणाले. “पुढचा प्रश्न.”

माझ्या आत काहीतरी तुटलं म्हणू की जागं झालं म्हणू, मला अजून कळलेलं नाही. माईक माझ्याच हातात होता.

“आबा, ही तुमची फुप्फुसं आहेत. पार खराब झालीत. डॉक्टरांनी लिहिलंय, एकदासुद्धा खाली उतरायचं नाही.”

मग हॉलकडे तोंड करून इंग्रजीत म्हणाले, “हे माझे वडील आहेत. हा रिपोर्ट त्यांना आत्ता, तुमच्यासमोर कळतोय.”

सरांनी माईक ओढून घेतला. “ती जरा भावनाविवश झालीय,” म्हणाले. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

“तुला कधी कळलं?”

“दिवाळीच्या आधी.”

ते पट्टे सोडायला लागले. एक पट्टा अडकला होता. मी हात पुढे केला.

“नक्को,” म्हणाले. माझा हात बाजूला केला.

बसमध्ये ते पुढं बसले, मी मागं. आता ते घरीच असतात. ठेकेदारानं दुसरा माणूस लावला. माझ्याशी आबा कामापुरतं बोलतात. आई म्हणते, होईल ठीक. मला तसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळे रिपोर्ट घेऊन घरोघर फिरले. उंबऱ्यात बसून वाचून दाखवले, कुठे तेलुगूत, कुठे दखनीत. कुणी शिव्या दिल्या. कुणी कागद उलटा धरून नुसता बघत राहिला. नऊ नंबरच्या घरी त्याच्या बायकोनं दार उघडलं. तो संक्रांतीच्या आठवड्यात गेला होता. गटाराच्या चेंबरमधून वर आला, पायरीवर बसला, तो उठलाच नाही. तिनं कागद हातात घेतला.

“ये कागज कब का है अम्मा?”

मी तारीख वाचली. तिनं परत विचारलं. मी परत वाचली. त्या बाईच्या डोळ्यांसमोरून मला अजून उठता आलेलं नाही.

विद्यापीठानं चौकशी लावली. गोपनीयता मोडली म्हणून माझीच. टेबलापलीकडे चारही विभागांची माणसं बसली होती. कायद्याच्या प्राध्यापक बाई समजुतीनं म्हणाल्या, “माफीनामा लिहून दे. प्रबंध जमा करून घेऊ. तुझं आयुष्य आहे पुढं.”

मी तिथंच कागद मागितला आणि लिहिलं. रिपोर्ट कोणत्या दिवशी आले. सर काय म्हणाले. नऊ नंबरचं पूर्ण नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. आणि मी किती महिने गप्प बसले ते. माफी लिहिली नाही. त्याची एक प्रत त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात दिली.

प्रबंध जमा होणार नाही. होऊ नये. नऊ नंबरची बायको कोर्टात उभी राहायला तयार आहे. मीही उभी राहणार. पहिली साक्ष माझ्याविरुद्ध देईन. दुसरी सरांविरुद्ध.