अक्काने न पाहिलेला किल्ला

साऱ्या ठाणे जिल्ह्यात एका पडक्या भिंतीला आमच्या भावोजींइतका जीव दुसऱ्या कुणी लावला नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. साठ सालानंतर कधीतरी नोकरीसाठी मी रत्नागिरीहून भाईंदरला त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "चौकचा किल्ला पाहिलायस?" मी म्हटलं, "आमच्याकडे याहून मोठे किल्ले आहेत." "मोठे काय, कुणीही बघतं," ते म्हणाले, आणि पहिल्याच रविवारी त्यांनी मला उत्तनच्या एसटीत बसवलं.

किल्ला म्हणजे चौक गावावरच्या टेकडीवर उरलेली थोडी भिंत, अर्धा बुरूज आणि करवंदीची जाळी. पण भावोजी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, छत्रीचं टोक रोखून बोलायला लागले की फिरंगी खाडीतून येत, पेशव्यांची माणसं शिड्या लावत आणि प्रत्येक खेपेला तोफांची संख्या वाढे. मुर्धा, राई, मोरवा ही गावं मागे पडेपर्यंत गाडीतच निम्मी लढाई झालेली असे. पाहुणा कसाही असो, त्याची सुटका नव्हती. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी आधी किल्ल्यावर नेलं, आणि त्याने बुरुजावर "इथे चहा कुठे मिळेल?" असं विचारल्यावर खाली येऊन जाहीर केलं, "मुलगा उथळ आहे." चौकातली एक म्हातारी कोळीण सुकट वाळत घालताना त्यांना पाहिलं की ओरडायची, "आला गो किल्लेवाला! वर काय हाय रं भाऊ? बकऱ्या हायत, दुसरं काय न्हाय!" भावोजी तिला छत्री उंचावून नमस्कार करत आणि पुढे चालू लागत.

या सहलींचा डबा अक्का करायची. पहाटे उठून पोळ्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी. डबा पिशवीत घालून ती दारापर्यंत यायची आणि तिथूनच मागे वळायची. आधी मुलं लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि त्या गेल्यानंतर ती घरीच राहते हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तिला विचारायचं राहिलं आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग मुंबईत टीव्ही आला, आणि एके दिवशी टीव्हीवाले कुठल्याशा ऐतिहासिक नाटिकेचं चित्रीकरण करायला चौकला पोचले. बातमी कळताच भावोजींनी कचेरीत रजा टाकली. तिथे पोचल्या पोचल्या त्यांनी दिग्दर्शकाला अडवलं. "अहो, फिरंगी या बाजूने आले नव्हते!" तो तरुण घाम पुसत म्हणाला, "काका, पण ऊन या बाजूने येतंय." भावोजी दोन दिवस त्याच्या नावाने बोटं मोडत होते. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या सहलीत नवी ठिकाणं आली. "इथे शिडी लागली. आणि इथे सरदाराची मिशी निघाली, ती शोधायला सगळी फौज करवंदीत शिरली!" पाहुण्यांना मिशीचंच ठिकाण जास्त आवडायचं. भावोजींना ते कळायचं, आणि जरा लागायचंही.

नाटिका दाखवायची त्या संध्याकाळी सगळी आळी शेजारच्या शेठच्या घरात लोटली. आळीतला एकुलता एक टीव्ही त्यांच्याकडे. "आवो, आवो, काका को आगे बिठाओ," शेठ म्हणाले. अक्का हात पुसत मागून आली आणि दाराशी टेकली. पडद्यावर बुरूज दिसला, भावोजी ताठ बसले. मग कॅमेरा हळूहळू फिरला आणि भिंतीच्या पलीकडे नुसता समुद्र पसरला, पार क्षितिजापर्यंत.

"अगंबाई," अक्का म्हणाली, "समुद्र दिसतो होय तिथून?"

"दिसतो म्हणजे काय! तिन्ही बाजूंनी," भावोजी मान न वळवता म्हणाले.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

ती रागाने म्हणाली नव्हती, नवलाने म्हणाली होती. भावोजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नाटिका संपली, लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं. घरी आल्यावर भावोजी म्हणाले, "रविवारी तू चल." अक्का म्हणाली, "आता? या वयात?" पण रविवारी ती लग्नकार्यातलं लुगडं नेसून तयार होती. पिशवी उचलायला मी बरोबर होतो.

टेकडी काही मोठी नव्हे. पण गेलं वर्षभर अक्काला दम लागत होता, आणि ती कुणाला सांगत नव्हती. अर्ध्या वाटेवर ती एका दगडावर बसली. "तुम्ही जाऊन या वर. मी इथे बरी आहे."

"नको," भावोजी म्हणाले आणि शेजारी खाली मातीतच बसले.

"मग सांगा ना मला, सगळ्यांना सांगता तसं."

त्यांनी छत्री उचलली. "हे बघ, इथून फिरंगी..." छत्री बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पाणी देऊ?"

अक्का पाणी प्यायली. ताडांच्या फटीतून पाण्याचा एक लखलखता पट्टा दिसत होता, तिकडे ती बघत राहिली. "दिसतोय की," ती म्हणाली. "थंडी पडली, दम कमी झाला, की वर जाऊ." उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

थंडी पडायच्या आधीच अक्का गेली.

पुढे भावोजींनी कुणाला किल्ल्याचं विचारलं नाही. आम्हीच कधी त्यांना ओढून न्यायचो, पाय मोकळे करा म्हणून. ते त्या दगडापर्यंत येत, तिथे बसत आणि आम्हाला वर पाठवत. आम्ही उतरलो की विचारत, "आज समुद्र कसा आहे? भरती होती का?" आम्ही सांगू लागायचो, होड्या किती लांब होत्या, पाणी कुठवर आलं होतं, पलीकडची वसई दिसत होती की नाही. आणि ज्यांच्यापुढे कधी कुणाला चार शब्द बोलता आले नव्हते, ते आमचे भावोजी मान खाली घालून सगळं शेवटपर्यंत ऐकून घेत.