भुकेचे आभार

चितेगावच्या कंपनीत मी आणि माझा एक दोस्त शेजारशेजारच्या मशीनवर होतो आणि डबाही एकत्रच खायचो. तो ख्रिस्ती. डबा उघडला की डोळे मिटून पुटपुटायचा, "प्रभू, भाकर दिलीस, भूकबी दिलीस, तुझे आभार."

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला पहिला मीच, त्यामुळं बोलल्याशिवाय राहवायचं नाही. "भुकेचे कसले आभार रे? ती तर फुकटच लागते."

"तेच तर म्हणतो मी," तो हसायचा. "त्याचं सगळं फुकटच असतंय, पदवीधर."

पुढं पर्मनंटची एकच जागा निघाली. आम्ही दोघंही आस लावून होतो. ती मला मिळाली, पदवीमुळं मिळाली, आणि त्याचा मला अभिमानच होता. पण दुपारी त्याच्यासमोर बसलो आणि घास उचलवेना.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नेहमीसारखे डोळे मिटले. "प्रभू, याला नोकरी दिलीस, तुझे आभार. आता भूकबी दे."

मग वांग्याची भाजी माझ्याकडं सरकवली. "खा की. गार व्हायलीय."

मी जेवलो. जेवताना त्यानं स्वतःच्या वाट्याची अर्धी भाकर माझ्या डब्यात टाकली.