जप्त केलेलं मस्टर

फाटकाला बँकेचं सील होतं आणि बाहेर पन्नासेक माणसं उभी होती. मी प्रॉव्हिडंट फंडाचा इन्स्पेक्टर आहे हे कळल्यावर सगळी माझ्याभोवती जमली.

साठच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा बाटल्यांचा कारखाना. मालक बँकेचं कर्ज बुडवून पळून गेला होता. दर पगारातून फंड कापला जायचा, पण वर्षभर आमच्याकडे काहीच भरलेलं नव्हतं. या लोकांना पेन्शन कुठली? म्हातारपणाला फंड तेवढाच.

असा बुडालेला कामगारांचा हिस्सा देण्यासाठी सरकारने नुकताच एक राखीव निधी काढला होता. मी साहेबांकडे गेलो.

"निधी आहे," साहेब म्हणाले. "पण कोणाचे किती कापले, त्याचा पुरावा आणा."

पुरावा म्हणजे हजेरीचं मस्टर आणि पगारपत्रकं. ती सीलच्या आत. बँक म्हणाली, कोर्टाची ऑर्डर आणा. कोर्टाने पुढची तारीख दिली. ऑफिसात बसवेना. काम नसलं तरी मी एसटी पकडून फाटकापर्यंत जाऊन यायचो.

अशाच एका दिवशी शिरवण्याचे दामू म्हात्रे मला थांब्यावर गाठून बाजूला घेऊन गेले. ते तिथले टाइमकीपर, म्हणजे हजेरी लिहिणारे. मस्टर आणि पगारपत्रकं त्यांच्या घरी होती. मालक ती जाळून टाकेल या भीतीने त्यांनी शेवटच्या दिवशी उचलून आणली होती. आता बँक चोरीची केस करेल, म्हणून गप्प होते. माझं नाव न येता घेऊन जा, म्हणाले.

ते शक्य नव्हतं. कुठून आलं ते सांगता येत नाही, असा कागद टिकत नाही. पण सीलच्या बाहेर सापडलेलं कारखान्याचं रेकॉर्ड जप्त करायचा अधिकार मला होता.

"म्हात्रे, तुम्ही मला काही देऊ नका. मी घरी येतो आणि जप्त करतो."

"पंचनाम्यात नाव येल ना माजं?"

"येईल. तुम्ही स्वतःहून दाखवलं, असं लिहीन."

म्हात्रे वळून घराकडे चालू लागले, मी त्यांच्या मागे.

मस्टर भाताच्या कणगीत होतं. शेजारचे दोघे पंच झाले. माझं लिहून होईपर्यंत म्हात्र्यांची बायको दारातून हलली नाही.

म्हात्र्यांना बँकेची नोटीस आलीच. मी लेखी जबाब दिला, प्रकरण मिटलं. पण त्यांना बरेच महिने कोणी कामावर घेतलं नाही.

कामगारांचा हिस्सा मंजूर झाला. मालकाचा हिस्सा कधीच आला नाही. मी फाटकावर यादी वाचून दाखवली. म्हात्रे शेजारीच होते. वाचून झाल्यावर घणसोलीच्या चांगुणाबाई पुढे आल्या. सहा वर्षं त्या कारखान्यात एका ठेकेदाराच्या हाताखाली फुटकी काच निवडत होत्या. ठेकेदार त्यांच्याकडूनही फंडाच्या नावाने पैसे कापायचा.

"माजा नांव फिरून बग, साहेब."

नाव नाही हे मला माहीत होतं. तरी सगळी पानं पुन्हा उलटली.

म्हात्रे खाली बघत म्हणाले, "ठेकेदाराची मानसं लिवायची नाय, असा हुकूम होता."

मी चांगुणाबाईंसाठी वेगळी टिपणी पाठवली. फाइल 'पुरावा नाही' असा शेरा घेऊन परत आली.

पुढे रिटायर होईपर्यंत मी कुठल्याही कारखान्यात गेलो, की आधी शेडमध्ये जाऊन माणसं मोजायचो, नावं विचारायचो. रजिस्टर नंतर मागायचो. बऱ्याच मालकांना हा उद्धटपणा वाटायचा.