वसुंधराबाईंची तिसरी कार्डे

वसुंधरा गजभिये यांची ओळख आम्हाला २०१४ साली न्यूझीलंडमधील पापाकुरा येथील सभागृहात भरणाऱ्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. वर्गाच्या मागे मराठी पुस्तकांचे कपाट होते व ते बाई सांभाळत. नागपूरच्या महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षे ग्रंथसूची केली होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ग्रंथपालांनी रूढ केलेली, पुस्तकांच्या नोंदी कार्डांवर करण्याची रीत त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. निवृत्तीनंतर लेकीकडे आल्या, तरी हात स्वस्थ बसेनात.

त्यांच्या विनंतीवरून तिथल्या मराठी मंडळींनी दोनशे चाळीस पुस्तके दिली. मात्र शाळेतल्या सवयीने प्रत्येकाला खाकी कव्हर घालून, लेबलावर स्वतःचे नाव सुवाच्य लिहून! कपाटातले झाडून सारे लेखक पापाकुऱ्याचे झाले. त्यातच सभागृहाच्या समितीने कळविले, की महिनाअखेर यादी आली नाही व वाचक दिसले नाहीत, तर कपाटात बॅडमिंटनचे सामान ठेवले जाईल. बाईंच्या जिवाला घोर लागला. त्या कव्हरे उतरवू लागल्या.

पुस्तके देणाऱ्यांपैकी सुलभाताई रुसल्या. "अहो, इतकं नीट घातलेलं! पुस्तक मळेल ना."

"मळू दे हो. त्यासाठीच तर ठेवलंय."

प्रत्येक पुस्तकाची दोन कार्डे झाली, एक लेखकाचे व एक नावाचे. तरीही वर्गातली माणसे कार्डे चाळत आणि हात हलवीत परतत. अखेर सत्तरीचे लहूबाबा धीर करून म्हणाले, "बाई, लेखक कोण ते मला काय ठाऊक? मला विहिरीचं पुस्तक द्या. खणता खणता पाणी लागतं, असलं."

बाईंनी कपाटातून तसले पुस्तक शोधून काढले. मग त्यांनी तिसरे कार्ड लिहिले: 'विहीर: खणणे, पाणी लागणे.' त्या दिवसापासून प्रत्येक पुस्तकाला वाचकाच्या शब्दांतले कार्ड मिळू लागले. 'सासू: शेवटी चांगली निघते.' 'भूत: खोटे.'

"शेवट कशाला हो फोडता?" सुलभाताईंनी टोमणा मारला.

"सासू चांगली निघते म्हटल्यावर तुम्हीच आधी नेलंत की!"

महिनाअखेर यादी गेली, तेव्हा त्रेसष्ट पुस्तके घरोघरी होती. कपाट राहिले, बॅडमिंटनचे सामान जिन्याखाली गेले.

पुढे कार्डे वाढतच गेली, ती ठेवायला जागा पुरेना. २०१९ मधील एका शनिवारी वर्ग सुटताना बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कुणाकडे बुटांचं रिकामं खोकं असेल, तर पुढच्या वेळी आणाल का?"