डावीकडे जाणारी हनुवटी

आमच्या घरात कुणी ओरडत नसे, तरी सगळे तोंड भरपूर उघडून बोलत. बाबांनी लोअर परळच्या गिरणीत मागावर उमेदीची वर्षं काढली आणि त्या खडखडाटात कान घालवले. तिथे विणकर एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. तीच सवय बाबांनी घरी आणली. शेजारणींना वाटे, आमच्याकडे नाटकाची तालीम चालते.

मी मुलींच्या गोविंदा पथकात वरच्या थराला होते. आईचा साफ नकार होता, पण बाबांनी "चढ गो" म्हणून परवानगी दिली. लालबागला सरावात थर कोसळला आणि मी थेट हनुवटीवर आपटले. हनुवटी फाटली, टाके पडले, सगळे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी वरचे-खालचे दात एकमेकांवर बसेनात, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मार लागतो हनुवटीला, पण झटका वर जातो आणि हाड कानाजवळ मोडतं," डॉक्टर म्हणाले. माझं हनुवटीलाही मोडलं होतं आणि डाव्या कानापाशीही. वरचे आणि खालचे दात तारेने घट्ट बांधले. चार आठवडे नुसती पेज, सार आणि स्ट्रॉ.

भुकेचं मला काही वाटलं नाही म्हणणं खोटं आहे. बांगड्याच्या वासाने मी रडले आहे. पण खरा जीव तुटायचा तो बाबांसाठी. आई येता-जाता त्यांना ऐकवायची, "तुम्हीच चढवलंत पोरीला." ते ओठ मात्र त्यांना बरोबर कळायचे. मी वहीत लिहून दिलं, ‘तुमची चूक नाही.’ त्यांनी वाचलं आणि वही मिटली.

"कागदार कोणय लिवता. तोंडान सांग."

तारा निघाल्या त्या दिवशी घरी आल्या आल्या मी त्यांच्यासमोर बसले आणि तेच वाक्य बोलले. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं आणि उघडताना हनुवटी डावीकडे सरकत होती. बाबा बघत राहिले.

"माका कळना नाय गो," ते म्हणाले. मला रडू फुटलं.

व्यायाम म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवायच्या होत्या, काही दिवसांनी एक वाढवायची. बाबा रोज संध्याकाळी काड्या घेऊन समोर बसायचे. व्यायाम झाला की मी ते वाक्य म्हणायचे आणि ते मान हलवायचे. अकराव्या काडीच्या दिवशी त्यांनी हात वर केला आणि आईकडे बोट दाखवलं.

"कळला. आता आवशीक सांग."

बाबा जाऊन काही वर्षं झाली. ऑफिसात सहकारी मला विचारतात, एवढं तोंड उघडून का बोलतेस? ते मोबाइलमध्ये बघत माझं सगळं ऐकतात. मला फार वाटतं, कुणीतरी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघावं. कधी आरशासमोर मी तेच वाक्य म्हणते. हनुवटी अजून डावीकडे जाते. बाबांनी ती तशीच पाठ केली होती.